पडत्या पाण्याची मजुरी

श्रोतेहो, पहाटेची विरार लोकल तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची असेल. भाजीच्या पाट्या, फुलांची गाठोडी आणि डोळ्यांवरची झोप घेऊन ती मुंबईकडे निघते. विरारहून मुंबईला गाडी जाऊ लागली एप्रिल 1867 मध्ये. ती कोळसा खाणारी, धूर सोडणारी गाडी होती. 1936 साली विजेवर धावणारी गाडी बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत आली आणि धूर गेला. ही वीज कुठून येत होती, ठाऊक आहे? ती येत होती टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून. खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथं सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी नळांतून खाली सोडलं जाई आणि त्या पाण्याच्या जोरावर चाकं फिरत. विरारकर माणूस त्या काळी, खरं म्हणजे, पावसाच्या पाण्यावर बसून चर्चगेटला जात होता!

आज गाडी तीच आहे, पण वीज अनेक ठिकाणांहून येते आणि तिच्यातली मोठी वाटणी कोळशाची आहे. कोळशाचा धूर आता विरारच्या फलाटावर दिसत नाही, एवढंच. तो दूर कुठल्या तरी चिमणीतून बाहेर पडतो आणि हवा तापवतो. म्हणून साऱ्या जगानं कोळसा कमी करून ऊन, वारा आणि पाणी यांच्याकडे वळायचं ठरवलं आहे. उन्हाबद्दल आपण रोज ऐकतो. पाण्याबद्दल बोलायचं तर डोळ्यांसमोर येतं कोयनेसारखं प्रचंड धरण. पण आज मला बोलायचं आहे ते लहान पाण्याबद्दल. आधीच अडवलेलं, आधीच शेताकडे किंवा नळाकडे निघालेलं पाणी वाटेत जिथं खाली पडतं, तिथं त्याच्याकडून थोडं काम करून घेता येईल का? आणि ते काम केल्याची मजुरी कुणाच्या पदरात पडावी?

आधी हे काम कसं होतं ते पाहू. वसईच्या वाड्यांतली बावखलं जुन्या माणसांना आठवत असतील. बावखलावर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, चाक फिरे, मडक्यांची माळ खाली जाई आणि भरून वर येई. तिथं जनावर आपलं बळ खर्ची घालत होतं आणि पाणी वर चढत होतं. आता हाच रहाट मनातल्या मनात उलटा फिरवा. पाणी वरून पडतं आहे, चाक फिरतं आहे, आणि त्या चाकाला जोडलेलं जनित्र वीज देतं आहे. जलविद्युत म्हणजे एवढंच. चाकाला टर्बाइन म्हणायचं, आणि पाणी मडक्यांतून न आणता जाड लोखंडी नळातून दाबानं आणायचं. चाक फिरवून झालं की पाणी तसंच्या तसं पुढे जातं. त्यातला एक थेंबही कमी होत नाही.

वीज किती होणार हे दोनच गोष्टींवर ठरतं. एक, पाणी किती. दुसरी, ते किती उंचीवरून पडतं. गुरुजी आणि बाई, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. दर सेकंदाला येणारं पाणी लिटरमध्ये घ्या, उंची मीटरमध्ये घ्या, दोहोंचा गुणाकार करून त्याला 10 नं गुणा. जो आकडा येईल तितके वॅट. अर्थात हा झाला कागदावरचा आकडा. चाक, जनित्र, नळातलं घर्षण यांत काही भाग खर्ची पडतो. मोठी यंत्रं शंभरातले ऐंशी पदरात टाकतात, अगदी लहान यंत्रं साठाच्या आसपास.

आता हाच हिशेब विरारच्या भाषेत करू. आपल्याकडे पाण्याचं माप म्हणजे टँकर! 10 हजार लिटरचा एक टँकर घ्या. त्यातलं पाणी 10 मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तीन मजल्यांवरून, खाली सोडलं तर किती वीज मिळेल? पाव युनिटापेक्षाही थोडी कमी. एका युनिटासाठी साडेचार-पाच टँकर रिकामे करावे लागतील. ऐकून तुम्ही म्हणाल, यात काय राम आहे? पण तोच टँकर खोपोलीच्या डोंगरावरून, 500 मीटरवरून सोडला, तर सुमारे 11 युनिटं देईल. पाणी थोडं असेल तर उंची मोठी हवी, आणि उंची थोडी असेल तर पाणी भरपूर हवं. ही गाठ मनाशी पक्की बांधून ठेवा. पुढचा सगळा विचार हिच्यावरच उभा आहे.

आता 'लहान' कशाला म्हणायचं? आपल्या देशात 25 मेगावॅटपर्यंतच्या केंद्राला लहान जलविद्युत केंद्र म्हणतात. एक मेगावॅट म्हणजे एक हजार किलोवॅट. रुरकीच्या आय. आय. टी. नं 2016 साली देशभरच्या अशा जागांचा अंदाज दिला. त्यात 7 हजारांहून अधिक जागा निघाल्या आणि त्यांची मिळून ताकद भरली 21 हजार मेगावॅटच्या वर. त्यांपैकी 5 हजारांच्या आसपासच आज कामाला लागलेली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला 270 जागा आणि सुमारे 786 मेगावॅट आले आहेत. त्यातलं निम्म्याच्या आसपास उभं राहिलं आहे. बाकीचं पाणी अजून नुसतंच पडतं आहे.

आपल्या राज्यात जी लहान केंद्रं झाली, त्यांतली पुष्कळशी धरणांच्या पायथ्याशी आहेत. शहापूरकडचं भातसा 15 मेगावॅटचं, मावळातलं पवना 10 चं, पानशेत 8 चं, जुन्नर-आंबेगावकडचं डिंभे 5 चं. ही धरणं शेतीसाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली. दरवाजा उघडून पाणी सोडायचंच आहे, तर ते चाकावरून सोडलं, इतकंच. विजेसाठी नवी जमीन बुडवावी लागली नाही. या जातीच्या विजेचा हा सर्वांत मोठा गुण आहे.

आपल्या पालघर जिल्ह्याकडे या. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पण विजेच्या बाबतीत तो जुना जाणता आहे. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होऊ लागली, देशातली पहिली. डहाणूला कोळशावरचं 500 मेगावॅटचं केंद्र आलं. आणि विक्रमगड तालुक्यात धामणीला सूर्या नदीवर जे 59 मीटर उंचीचं धरण आहे, त्याच्या पायथ्याशी 6 मेगावॅटचं वीजघर आहे. एका बाजूला 500, दुसऱ्या बाजूला 6. म्हणजे डहाणूची बरोबरी करायला अशी 83 वीजघरं लागतील. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लहान पाण्याची थोरवी गाताना मापाचं भान सुटू नये.

पण या 6 मेगावॅटची रीत पाहा. धामणीच्या धरणातून सोडलेलं पाणी वीजघरातून नदीत उतरतं आणि खाली कवडासच्या बंधाऱ्यापाशी पुन्हा अडतं. तिथून डावा आणि उजवा कालवा फुटतो. शेतकऱ्याला आवर्तन मिळतं ते या कालव्यांतून. आणि वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी जी नवी पाणीयोजना झाली, तिचं पाणीही कवडासलाच उचललं जातं. म्हणजे शेताचं पाणी असो की नळाचं, ते आधी चाक फिरवून मगच आपल्या कामाला जातं. पूर्ण पाणी मिळालं तर हे वीजघर तासाला 6 हजार युनिटं देतं. विरारच्या एखाद्या साध्या घराला दिवसाला पाच युनिटं लागतात असं धरा. मग या एका तासाच्या विजेत अशा बाराशे घरांचा दिवस निघतो. तेही भाताच्या किंवा भाजीच्या वाट्याचं पाणी न घटवता.

मग प्रश्न असा, की असं आणखी कुठं करता येईल? तीन जागा मनात येतात.

पहिली जागा म्हणजे कालवे. कालवा डोंगरउतारावरून जाताना मधूनमधून पायरीसारखा खाली उतरतो. पाण्याचा वेग आवरावा म्हणून तिथं बांधकाम केलेलं असतं आणि पाणी तिथं आदळून आपलं बळ फुकट घालवतं. ही पायरी तीन-चार मीटरची असली तरी कालव्यात पाणी भरपूर असतं. अशा ठिकाणी लहान टर्बाइन बसू शकतं. अडचण एकच. आवर्तन चालू असेल तेवढेच दिवस वीज, आणि आवर्तन बंद की चाक बंद.

दुसरी जागा म्हणजे शहराकडे येणारे मोठे नळ. नव्या सूर्या योजनेत वसई-विरारचा वाटा दिवसाला 18 कोटी 50 लाख लिटरचा ठरला आहे. टँकरांत मोजलं तर 18 हजार 500 टँकर, रोज! एवढ्या पाण्याला वाटेत 10 मीटरचा जरी जादा उतार मिळाला, तरी दिवसाला सुमारे 4 हजार युनिटं निघतात. इथं 'जादा' हा शब्द विसरू नका. नळातल्या पाण्याला पुढची टेकडी किंवा पुढची टाकी चढायची असेल, तर तो दाब त्याला स्वतःलाच हवा असतो. तो तुम्ही विजेसाठी काढून घेतला तर पुढे पंप लावून परत द्यावा लागेल. म्हणजे या हातानं घेतलं आणि त्या हातानं दिलं. पण जिथं दाब फार झाला म्हणून झडप लावून तो मारावा लागतो, तिथं मात्र झडपेऐवजी लहान चाक बसवावं. नेहमीचा पंपच उलटा चालवून हे काम होऊ शकतं आणि जगात पुष्कळ ठिकाणी तसं केलंही आहे.

तिसरी जागा म्हणजे लहान धरणं. विरारच्या जवळ, तुंगारेश्वराच्या डोंगराखाली, पेल्हारचं धरण आहे. त्यातून शहराला दिवसाला सुमारे 1 कोटी लिटर पाणी मिळतं. तिथं वीज करावी असं कुणाच्याही मनात येईल. पण हिशेब करून पाहा. 1 कोटी लिटर म्हणजे एक हजार टँकर. 10 मीटरचा उतार धरला तर दिवसाला सव्वादोनशे युनिटंही होत नाहीत. त्यासाठी यंत्र, राखणदार, तारा हा सगळा संसार मांडणं परवडेल का? धरणावरचे आणि पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातले दिवे त्यावर चालतील, गाव चालणार नाही. असं स्पष्ट उत्तर देणारा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा, म्हणजे पुढे निराशा होत नाही.

जव्हार-मोखाड्याकडचे श्रोते म्हणतील, आमच्याकडे तर धबधबेच धबधबे आहेत. दाभोसाचा धबधबा श्रावणात पाहिला तर छाती दडपते. पण तोच ओढा दिवाळीनंतर कसा असतो, तेही तुम्हीच जाणता. आपल्या कोकणात पाऊस चार महिन्यांत सगळा कोसळतो आणि मग नद्या खडक दाखवू लागतात. साठवण नसलेल्या ओढ्यावरची वीज पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस, इतकीच. हिमालयातल्या बर्फाच्या ओढ्यांशी आपली बरोबरी नाही. म्हणून आपल्याकडे धरणाच्या पायथ्याचं पाणी मोलाचं.

आता तुम्ही विचाराल, छपरावर सूर्याची पत्री टाकली की वीज मिळते, मग हा खटाटोप कशाला? उत्तर घड्याळात आहे. ऊन दुपारी भरपूर असतं. संध्याकाळी सात वाजता, जेव्हा लोकल भरून विरारला येते, घराघरांत दिवे लागतात आणि गिरण्या-पंप चालू असतात, तेव्हा सूर्य समुद्रात बुडालेला असतो. जून 2025 पर्यंत आपल्या देशातल्या वीजकेंद्रांच्या एकूण ताकदीपैकी निम्मी ताकद कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर साधनांची झाली. ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातला मोठा हिस्सा उन्हाचा आणि वाऱ्याचा, आणि ते आपल्या सवडीनं येतात. पाण्याचं तसं नाही. दरवाजा उघडला की काही मिनिटांत चाक फिरू लागतं. दुपारी पाणी राखून संध्याकाळी सोडता आलं, तर तीच थोडी वीज दुप्पट उपयोगाची ठरते. लहान पाणी कोळशाची जागा एकट्यानं घेणार नाही. पण उन्हाच्या विजेला संध्याकाळी हात द्यायला ते उपयोगी आहे.

इथपर्यंत हिशेबाचं बोललो. आता एका गावाची हकिकत सांगतो.

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या खोऱ्यातलं बिलगाव हे आदिवासी गाव. तिथं धबधबा होता, पण गावात वीज नव्हती. केरळातल्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी या संस्थेच्या इंजिनिअरांनी नर्मदा बचाओ आंदोलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून तिथं बंधारा घातला, पाट काढला, नळ टाकला आणि 15 किलोवॅटचं यंत्र बसवलं. 2003 साली पाड्यांवर दिवे लागले. 15 किलोवॅट म्हणजे शहरातल्या मोठ्या बंगल्याची गरज म्हणा. पण तिथं सबंध गाव उजळलं. 2004 साली आलेल्या 'स्वदेस' या चित्रपटात गावकरी स्वतः वीज करतात तो प्रसंग आहे ना, त्यामागे या बिलगावचीच प्रेरणा होती असं सांगतात.

पुढे काय झालं? 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी चढलं आणि ते यंत्र पाण्याखाली गेलं. लहान पाण्यावर लावलेला दिवा मोठ्या पाण्यानं विझवला. गावानं आपल्या घामानं उभं केलेलं काम तीन वर्षांतच गेलं.

ही हकिकत मी हळहळ वाटावी म्हणून सांगितली नाही. तिच्यातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, इंजिनिअर आणि गाव एकत्र आले तर दुर्गम पाड्यावरही पडत्या पाण्यापासून वीज होते, यात जादू नाही. दुसरी, यंत्र बसवणं हे अर्धंच काम आहे. ते पाणी कुणाचं, ती जागा कुणाची आणि उद्या तिच्यावर कुणाचा हक्क, हे लिहून ठरलेलं नसेल तर बाकीचं अर्धं काम राहूनच जातं.

आपल्या सूर्येच्या काठीही हा प्रश्न आहेच. धरणासाठी आदिवासी गावांची जमीन पाण्याखाली गेली. प्रकल्प आखला होता डहाणू, पालघर, विक्रमगडच्या सिंचनासाठी. पुढे त्यातला मोठा वाटा शहरांच्या पिण्याच्या पाण्याकडे वळला, आणि त्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलनंही केली. विरारच्या माणसाला पाणी हवं, त्यात त्याची चूक नाही. तहान सर्वांनाच आहे. पण धामणीच्या पायथ्याशी तयार झालेली वीज तारेवर चढून दूर जाते, नळातलं पाणीही दूर जाते आणि मध्ये राहणाऱ्या पाड्यावर मात्र संध्याकाळी दिवा मिणमिणतो, पंपाला वीज रात्री-अपरात्री येते, असं चित्र राहिलं तर त्या पाण्याची मजुरी चुकीच्या घरी गेली असं म्हणावं लागेल. यापुढे कालव्यावर किंवा नळावर कुठंही असं चाक बसेल, तेव्हा त्याच्या उत्पन्नातला ठरलेला भाग त्या काठच्या गावांना मिळावा आणि दुरुस्तीचं काम तिथल्याच शिकलेल्या मुलामुलींना मिळावं. ओढ्यावर यंत्र बसवायचं असेल तर सगळं पाणी नळात न घालता मासे आणि गुरं यांच्यापुरती धार ओढ्यात वाहती ठेवावी. या अटी आधीच ग्रामसभेत बोलून घ्याव्यात.

मग आपण काय करावं? शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावाजवळचा पाट किंवा ओढा मुलांकडून मोजून घ्या. त्यासाठी लागतात एक दोरी, एक मोजपट्टी, एक घड्याळ आणि एक सुकं लाकूड. पाटाचा सरळ 10 मीटरचा भाग निवडा. रुंदी आणि खोली मोजा. लाकूड सोडा आणि ते 10 मीटर जायला किती सेकंद घेतं ते पाहा. समजा पाट 1 मीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल, आणि लाकडाला लागले 20 सेकंद. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. गुणाकार केला तर सेकंदाला 150 लिटर. पण तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं, म्हणून त्याचा चार-पंचमांश धरा, म्हणजे 120 लिटर. हे पाणी पुढे 5 मीटर खाली पडत असेल तर 120 गुणिले 5 गुणिले 10, म्हणजे 6 हजार वॅट. त्यातले साठ टक्के पदरात पडले तर साडेतीन हजार वॅट. त्यावर दिवसा एखादी लहान पिठाची गिरणी चालेल आणि रात्री आजचे कमी वीज खाणारे साडेतीनशे दिवे लागतील.

मात्र पाण्यात उतरताना मोठं माणूस सोबत हवंच, आणि पुराच्या पाण्याजवळ मुलांना मुळीच नेऊ नका. एकदा मोजून थांबूही नका. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी मोजा आणि शाळेच्या वहीत लिहून ठेवा. बारा महिन्यांची ती वही फार मोलाची आहे. कोणत्या महिन्यात पाणी किती, हे ठाऊक असलेल्या गावाला कुणी फसवू शकत नाही. कुणी येऊन म्हणालं, "तुमच्या ओढ्यावर सबंध गाव चालवून दाखवतो," तर वही उघडून वैशाखाचा आकडा दाखवता येईल. आणि कुणी म्हणालं, "इथं काहीच होणार नाही," तर भाद्रपदाचा आकडा दाखवता येईल.

विरारच्या श्रोत्यांनो, तुमच्याजवळ ओढा नसेल, पण नळ आहे. सकाळी नळ सोडाल तेव्हा एवढं आठवा, की हे पाणी धामणीहून, कवडासहून आलं आहे आणि त्याच्या वाटेवर माणसं राहतात. जुन्या काळी रहाट ओढून झाला की बैलाला आधी वैरण घालत आणि मग घरची माणसं जेवायला बसत. काम करणाऱ्याचा वाटा आधी काढायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. पडतं पाणी तर काही मागत नाही. त्याचा वाटा त्याच्या काठच्या माणसांच्या हाती पोचवणं हे आपलं काम आहे.